गादीवरून अकादमीकडे

दहावीचा निकाल लागला की तुमसरच्या बाजारपेठेतील व्यापारी घरांत पुढचा प्रश्न फारसा विचारलाच जात नाही. मुलगा कॉमर्स घेणार, संध्याकाळी गादीवर बसणार आणि पदवी हाती येईपर्यंत जीएसटीचे विवरण भरण्यात तरबेज होणार, हे जवळपास ठरलेले असते. धानाची अडत असो, भंडाऱ्यातील पितळी भांड्यांचे दुकान असो वा साकोली-लाखनीकडचे किराणा-कापडाचे, दोन-तीन पिढ्यांनी उभी केलेली पेढी रिकामी पडू नये ही वडिलांची काळजी खोटी नसते. अशा घरात रात्रीच्या बैठकीत एखाद्या मुलाने वा मुलीने म्हणावे, ‘बाबूजी, मला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे’, आणि क्षणभर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहावे! आजीच्या मनात पहिला विचार येतो तो अहिंसेचा. वडिलांच्या मनात येतो दुकानाचा. आणि काकांना आठवते ती मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांची भरती.

यांतील काकांची समजूत आधी दूर करायला हवी, कारण तिच्यामुळेच बहुतेक घरांत विषय तिथल्या तिथे संपतो. मैदानावरची भरती ही जवानांची असते. २०२२ पासून ती अग्निपथ योजनेखाली होते आणि तीत निवडलेल्या अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते. अधिकाऱ्याचा मार्ग अगदी निराळा आहे. त्याची निवड बहुतांशी संघ लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेने आणि त्यानंतर पाच दिवस चालणाऱ्या सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या, चाचण्यांनी होते. राष्ट्रपतींच्या सहीचे कमिशन मिळून तो थेट लेफ्टनंट होतो. सेनेच्या परिसरात राहूनही हा फरक ठाऊक नसावा याचे थोडे नवल वाटते. भंडारा शहराजवळ जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना १९६४ पासून उभा आहे; २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील स्फोटात आठ कामगार गेले तेव्हा सारा जिल्हा हळहळला होता. साठेक किलोमीटरवर नागपूरला वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे आणि पलीकडे कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र. एप्रिल २०२२ ते जून २०२४ या काळात देशाचे लष्करप्रमुख असलेले जनरल मनोज पांडे हे नागपूरचेच. त्यांच्या घरातही सैन्याची परंपरा नव्हती. वडील विद्यापीठात मानसशास्त्र शिकवीत आणि आई आकाशवाणीवर निवेदिका होती. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते बॉम्बे सॅपर्समध्ये गेले आणि लष्करप्रमुख होणारे ते इंजिनिअर्स कोअरचे पहिले अधिकारी ठरले.

वयाचे घड्याळ

व्यापारी माणसाला मुदतीचे महत्त्व सांगावे लागत नाही. हुंडीची तारीख चुकली की काय होते ते त्याला ठाऊक असते. सैन्याच्या वाटेवरही मुदतच सर्वांत कडक आहे, आणि तिची चूक मागाहून कोणत्याही पैशाने भरून निघत नाही.

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, ही सर्वांना ठाऊक असलेली वाट. बारावीत शिकत असताना वा बारावी झाल्यावर, साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात, वर्षातून दोनदा ही परीक्षा देता येते. जाहिरात साधारणतः डिसेंबरात आणि मे महिन्यात येते, परीक्षा एप्रिल व सप्टेंबरच्या सुमारास होते आणि नागपूर हे तिचे एक केंद्र आहे. अडीच तासांचा ३०० गुणांचा गणिताचा पेपर आणि अडीच तासांचाच ६०० गुणांचा सामान्य क्षमतेचा, ज्यात २०० गुण इंग्रजीला आहेत. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. यातून उतरलेल्यांसाठी एसएसबीचे आणखी ९०० गुण. देशभरातून लाखो मुले बसतात आणि दर खेपेला जागा असतात चारशेच्या आसपास. आकडे धाकाचे आहेत हे खरे. तरी दहावीनंतर लगेच तयारीला लागलेल्या मुलाला वयात बसणाऱ्या तीन-चार संधी मिळतात, हेही त्याच हिशेबाचे दुसरे पान आहे.

इथे अकरावीच्या प्रवेशाचा प्रश्न येतो. एनडीएच्या भूदल शाखेसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. वायुदल आणि नौदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावे लागते. म्हणजे जून महिन्यात केवळ रिवाज म्हणून कॉमर्सच्या अर्जावर सही केली, तर मुलाच्या तीनपैकी दोन वाटा त्या सहीनेच बंद झाल्या. कॉमर्सच घ्यायचे असेल तर निदान गणित सोडू नये. ३०० गुणांचा पेपर अकरावी-बारावीच्या गणितावरच बेतलेला असतो आणि तिथे दुकानातला तोंडी हिशेब पुरा पडत नाही.

ज्यांच्या घरी मूल अजून लहान आहे त्यांच्यासाठी वाट याहून आधी सुरू होते. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्याला निघाली. पूर्व विदर्भाला ती दूर पडे. २०१९ पासून चंद्रपूर-बल्लारपूर भागात दुसरी सैनिक शाळा सुरू झाल्याने भंडारा-गोंदियाच्या मुलांना ती जवळची झाली आहे. तिथे सहावी आणि नववीत अखिल भारतीय परीक्षेने प्रवेश मिळतो. नाशिकला डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली काढलेल्या भोसला मिलिटरी स्कूलची शाखा नागपुरातही आहे. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात आठवीला प्रवेश असतो. कोवळ्या वयातले वसतिगृह प्रत्येक मुलाला मानवतेच असे नाही, आणि केवळ आई-वडिलांच्या हौसेने पाठवलेले मूल तिथे कोमेजते. या बाबतीत घाई नको.

दहावीनंतरची एक संस्था मात्र प्रत्येक मराठी पालकाला माहीत असायला हवी. महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. एनडीएत मराठी मुलांचे प्रमाण वाढावे एवढ्याच हेतूने ती निघाली. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांची लेखी परीक्षा आणि मुलाखतीने निवड होते. अकरावी-बारावीची दोन वर्षे तिथे राहून विज्ञान शाखेच्या अभ्यासाबरोबर एनडीएची व एसएसबीची तयारी करून घेतली जाते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून नाशिकला सुरू आहे. खासगी शिकवणीवर लाख-दीड लाख घालण्याआधी या दोन दारांवर थाप मारून पाहावी. शिवाय लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन एसएसबीचे बोलावणे आलेल्यांसाठी सैनिक कल्याण विभागाचे नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र मोफत वर्ग चालवते. त्याची सूचना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून निघते, वर्तमानपत्राच्या आतल्या पानात चार ओळींत छापून येते आणि बहुधा वाचली जात नाही.

बी.कॉम. झालेल्यांचे काय?

एनडीए हुकली म्हणजे सारे संपले, अशी एक समजूत आहे. ती साफ चुकीची आहे आणि व्यापारी घरांपुरती तर उलटीच म्हणावी लागेल, कारण पदवीनंतरच्या वाटा या घरांतील मुलांना अधिक सोयीच्या आहेत.

संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, म्हणजे सीडीएस, हीही वर्षातून दोनदा होते. डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीसाठी आणि चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, अर्थात बी.कॉम.ही. डेहराडूनसाठी वय साधारण १९ ते २४, चेन्नईसाठी १९ ते २५. डेहराडूनला जाणाऱ्याला इंग्रजी, सामान्यज्ञान आणि प्राथमिक गणित असे तीन पेपर द्यावे लागतात. चेन्नईसाठी गणिताचा पेपरच नाही. गणिताच्या धास्तीने मागे राहिलेल्या कितीतरी मुला-मुलींना ही एक ओळ कुणी सांगितलेलीच नसते. चेन्नईची अकादमी महिलांनाही खुली आहे.

चेन्नईहून मिळते ते अल्पसेवा कमिशन. ते दहा वर्षांचे असते आणि चौदापर्यंत वाढवता येते. पंचविशीत गेलेला मुलगा पस्तिशीच्या आसपास मोकळा होतो. दुकानाच्या काळजीने झोप उडालेल्या वडिलांनी हा हिशेब एकदा शांतपणे मांडून पाहावा. त्या वयात बापाची साठी जवळ आलेली असते, पेढीला खरी गरज तेव्हाच लागते, आणि परत येणारा माणूस शंभर-सव्वाशे लोकांची तुकडी, तिची वाहने, तिचा साठा आणि तिची शिस्त सांभाळून आलेला असतो. अर्थात तो परत गादीवर बसेलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. पुण्यात व्यवस्थापन शिकायला पाठवलेला मुलगा तरी तुमसरला परततोच असे कुठे आहे?

वाणिज्य पदवीधरांसाठी वायुदलाच्या एएफकॅट परीक्षेत लेखा शाखा हे एक स्वतंत्र दालन आहे, बी.कॉम.ला ६० टक्के असलेल्यांना त्यासाठी अर्ज करता येतो. भूदलात आर्मी सर्व्हिस कोअर आणि ऑर्डनन्स कोअर या तर सरळसरळ पुरवठ्याच्या शाखा आहेत. सियाचीनच्या चौकीपर्यंत पीठ, डाळ, रॉकेल आणि बूट वेळेवर पोहोचवायचे असतात. साठा, आवक, जावक, नासाडी, वाहतूक हे शब्द ज्या घरात रोज जेवणाबरोबर ऐकू येतात त्या घरातील मुलाला हे काम परके वाटू नये. कायद्याच्या पदवीधरांसाठी जज अॅडव्होकेट जनरल विभाग आहे, अभियंत्यांसाठी तांत्रिक प्रवेश आहेत, डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांसाठी ‘नीट’मार्गे पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि महाविद्यालयात एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवलेल्या, पदवीला ५० टक्के असलेल्या तरुण-तरुणींना लेखी परीक्षेवाचून थेट एसएसबीला जाण्याची विशेष सवलत आहे. एनसीसीच्या परेडला दांडी मारून दुकानात बसवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

पाच दिवसांची पारख

लेखी परीक्षेपर्यंत पुस्तके साथ देतात. त्यापुढे भोपाळ, प्रयागराज, बंगळूर अशा ठिकाणी एसएसबीला जावे लागते, आणि तिथे माणसाची पारख होते. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. बुद्धिमापन आणि एका धूसर चित्रावर गोष्ट लिहून तिची गटात चर्चा करणे यावर बरीच मुले दुपारनंतर घरी परततात. राहिलेल्यांची दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचणी होते. बारा चित्रांवर प्रत्येकी चार मिनिटांत गोष्ट लिहायची, त्यांतले बारावे कोरेच असते. मग साठ शब्द, एकेक पंधरा सेकंदांपुरता समोर येतो आणि मनात येईल ते वाक्य लिहायचे. मग तीस मिनिटांत साठ प्रसंग: तुम्ही प्रवासात आहात, पाकीट चोरीला गेले, सोबतीला ताप आला, काय कराल? पाठ केलेली उत्तरे इथे फार काळ टिकत नाहीत, कारण विचार करायला वेळच मिळत नाही. पुढचे दोन दिवस मैदानावर गटाची कामे असतात. दोन फळ्या, एक दोर आणि एक ओझे घेऊन सगळ्या गटाने अडथळा पार करायचा असतो, आणि पाहणारा अधिकारी हे पाहतो की कोण ओरडतो, कोण ऐकतो, कोण दुसऱ्याची कल्पना उचलून पुढे नेतो आणि कोण थकलेल्याला हात देतो. याच दिवसांत केव्हातरी तासभराची मुलाखत होते. पाचव्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय देतात.

या पारखेत दुकानातल्या मुलाजवळ काही शिदोरी असते, हे कुणी त्याला सांगत नाही. चिडलेल्या गिऱ्हाइकाशी शांत बोलणे, उधारी मागताना नाते न तोडणे, हमालापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलणे, आवक अचानक वाढली की तासाभरात जागा करणे: मंडळाला हवी असलेली सामाजिक समज, तत्परता आणि जबाबदारी म्हणतात ती याहून फार वेगळी नव्हे. मुलाखतीत ‘वडील काय करतात?’ या प्रश्नावर ‘छोटंसं दुकान आहे’ असे मान खाली घालून सांगणारा मुलगा आपलीच पुंजी मातीत घालतो. धानाचा हमीभाव कसा ठरतो, मिलमध्ये उतारा किती पडतो, वैनगंगेला पूर आला तेव्हा बाजार कसा चालला, हे तो सांगू लागला तर समोरचा अधिकारी खुर्ची पुढे ओढून ऐकेल.

उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. पहिली शरीराची. सकाळी शिकवणी, दुपारी कॉलेज, संध्याकाळी गल्ला, अशा दिनक्रमात वाढलेल्या मुलाला दोन किलोमीटर धावताना धाप लागते. एनसीसी, मैदान, पोहणे यांची सवय अकरावीपासून लागली तरच शरीर तयार होते. दुसरी डोळ्यांची, चष्म्याच्या क्रमांकाच्या मर्यादा शाखेनुसार वेगवेगळ्या आहेत आणि वैमानिकासाठी फारच कडक. तयारीवर दोन वर्षे घालण्याआधी डोळे, कान, पायांचे तळवे आणि वजन यांची तपासणी एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून करून घ्यावी. तिसरी उणीव इंग्रजी बोलण्याची, आणि ती रोज अर्धा तास मोठ्याने वर्तमानपत्र वाचल्याने बरीचशी भरून निघते. चौथी अधिक नाजूक आहे: घरचे सारे निर्णय बाबूजी आणि काका घेत असतील तर मुलाला स्वतः निर्णय घेण्याची सवय कुठून लागणार? एसएसबीच्या मैदानावर हीच गोष्ट सर्वांत आधी उघडी पडते.

आजीचा प्रश्न

आता अहिंसेचा प्रश्न. हा टाळून पुढे जाता येत नाही, आणि तो विचारणाऱ्या आजीला मागासलेली ठरवण्याचेही कारण नाही. पहिले अणुव्रत ज्यांनी आयुष्यभर मुंगीलाही जपत पाळले, त्यांना नातवाच्या हातातली बंदूक सलणारच.

शास्त्रकारांनी हा प्रश्न पाहिला नव्हता असे मात्र नाही. मुनीचे महाव्रत आणि श्रावकाचे अणुव्रत यांत त्यांनी भेद केला तो याचसाठी. गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या इराद्याने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला पूर्ण वर्ज्य. स्वयंपाक-घरकामातील आरंभी आणि उपजीविकेतील उद्योगी हिंसा यत्नाने कमी करायची. आणि आक्रमकापासून स्वतःचे, आश्रितांचे वा देशाचे रक्षण करताना घडते ती विरोधी. तिचा गृहस्थाला सर्वथा त्याग सांगितलेला नाही. भाताची मिल चालवणारा आणि सीमेवर उभा राहणारा, दोघेही या विचारात गृहस्थच आहेत, दोघांनाही आपापल्या हिंसेचा हिशेब ठेवायचा आहे.

श्वेतांबर आगमांतील भगवतीसूत्राच्या सातव्या शतकात वैशालीच्या वरुणाची कथा येते. तो बारा व्रते धारण केलेला श्रमणोपासक. राजाज्ञेने त्याला रथमुसल संग्रामात जावे लागले. जाताना त्याने नियम केला की जो आपल्यावर आधी प्रहार करील त्याच्यावरच प्रहार करायचा, दुसऱ्या कुणावर नाही. समोरच्याने बाण सोडला, वरुण घायाळ झाला, मग त्याने प्रत्युत्तर दिले. आणि रणातून बाजूला होऊन, शल्य काढून, शांतपणे देह ठेवला. या कथेचे निमित्त लक्षात घेण्यासारखे आहे. रणात पडलेला प्रत्येक जण स्वर्गात जातो असे लोक म्हणतात ते खरे का, असे गौतमांनी विचारले होते आणि भगवान महावीरांनी ते नाकारले होते. युद्धाचे गौरवगान तिथे नाही; युद्धातही स्वतःला घातलेल्या मर्यादेला मोल आहे. त्याच युद्धातील गणराजा चेटकाचा दिवसाला एकच बाण सोडण्याचा नियमही परंपरेत प्रसिद्ध आहे.

मराठी वाचकाला याहून जवळचा एक पुरावा श्रवणबेळगोळला आहे. बाहुबलींच्या विशाल मूर्तीच्या पायाशी मराठीतील अत्यंत जुन्या शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे. चावुंडराजाने मूर्ती करविली आणि गंगराजाने सभोवतालचा प्राकार करविला, एवढाच त्याचा आशय. हे दोघे कोण? चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. गंगराज हा होयसळांचा सेनापती. म्हणजे मराठी भाषेच्या पहाटेच्या त्या दोन ओळींत ज्यांची नावे आहेत ते दोघेही जैन आणि दोघेही सेनापती. ज्यांच्या चरणी ती नावे कोरली गेली ते बाहुबली कोण, हेही सर्वज्ञात आहे: दोन्ही सैन्यांचे रक्त सांडू नये म्हणून भावाशी एकट्याने द्वंद्व करणारे आणि जिंकूनही राज्य सोडून निघून गेलेले. दानशूर म्हणून ज्याचे नाव प्रत्येक वर्गणीच्या सभेत निघते तो भामाशाहही केवळ तिजोरी उघडून थांबला नव्हता. तो मेवाडसाठी रणात उतरला होता. तुमसरहून रामटेकला दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांना तेथील मूलनायक शांतिनाथ हे तीर्थंकर होण्याआधी चक्रवर्ती होते, हे वेगळे सांगायला नको. अर्वाचीन काळात स्वतंत्र भारताच्या संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार डॉ. दौलतसिंह कोठारी हेही जैन कुळातलेच.

इतके सारे सांगूनही एखाद्या आजीचे मन वळणार नाही, आणि तिचा आदर राखूनच मुलाला आपला निर्णय घ्यावा लागेल.

ताट, बंधपत्र आणि इतर व्यवहार

जेवणाबद्दल स्पष्ट बोललेले बरे. अकादमी असो वा पलटण, शाकाहारी भोजन मिळते आणि ते घेणारा कुणी विचित्र ठरत नाही. सैन्यात शाकाहारी पुष्कळ आहेत. परंतु कांदा-बटाटा वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी भोजन, पर्युषणातील उपवास हे सारे प्रशिक्षणाच्या काळात पाळणे फार कठीण. मेसमधले रात्रीचे जेवण दिवेलागणीनंतरच असते आणि दिवसभराच्या कवायतीनंतर ते टाळून चालत नाही. कोणते नियम अढळ ठेवायचे आणि कोणते त्या काळापुरते सैल करायचे, हे मुलाने घर सोडण्याआधीच आपल्या गुरुजनांशी बोलून ठरवावे. खडकवासल्याला पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात ठरवायला बसला तर मन दोन्हीकडे ओढले जाईल.

खर्चाचा भाग सोपा आहे. एनडीएत तीन वर्षांचे शिक्षण, निवास, भोजन, औषधपाणी सरकारचे, वरखर्च पालकांचा. पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. डेहराडूनच्या अखेरच्या वर्षात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन असते आणि लेफ्टनंटचे मूळ वेतनही तिथूनच सुरू होते; त्यावर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन आणि भत्ते. मोठी अडत चालवणाऱ्याला ही रक्कम थोडी वाटेल. पालकाला मात्र एका बंधपत्रावर सही करावी लागते: मुलाने वैद्यकीय कारणावाचून, स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण सोडले तर झालेला खर्च परत करावा लागतो. हा कागद नीट वाचूनच सही करावी.

आणखी एक गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. प्रशिक्षणात गंभीर इजा होऊन घरी परत यावे लागलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. अशा घटना थोड्या असल्या तरी घडतात, आणि मुलाला पाठवणाऱ्या आई-वडिलांना त्या माहीत असण्याचा हक्क आहे.

मुलींचा विषय वेगळा काढावा लागू नये, पण अजून काढावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर एनडीएची दारे मुलींना उघडली, २०२२ साली पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये तीतील सतरा जणी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. साताऱ्याच्या कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आले. दोन लहान मुलांची आई असलेल्या त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून २०१७ साली लेफ्टनंट झाल्या. ज्या घरात मुलीला सीए करण्याची तयारी आहे, त्या घरात तिच्या हातात सीडीएसचा अर्ज देण्यात अडचण कोणती असावी?

शेवटी दुकानाच्याच गोष्टीकडे परत येऊ. पेढी न सोडताही वर्दी घालता येते, हे फार थोड्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, १९४९ पासून याच तत्त्वावर उभी आहे. पदवीधर, शरीराने सुदृढ आणि स्वतःचे उत्पन्न असलेला १८ ते ४२ वयाचा नागरिक तिच्यात अधिकारी होऊ शकतो. नोकरीप्रमाणेच स्वतःच्या व्यवसायाचे उत्पन्नही चालते. लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी आणि वैद्यकीय तपासणी यांतून जावे लागते, त्यात सवलत नाही. निवड झाल्यावर दरवर्षी साधारण दोन महिने प्रशिक्षण, बाकीचे दिवस आपला धंदा. सेवेवर असतील तेवढ्या दिवसांचे वेतन नियमित अधिकाऱ्याप्रमाणे मिळते. ही कायमची नोकरी नव्हे आणि निवृत्तिवेतनाची खात्रीही नाही. उलट देशाला गरज पडली तर ऐन हंगामात, धानाच्या गाड्या दारात उभ्या असताना, बोलावणे येऊ शकते. राजस्थानचे नेते सचिन पायलट आणि हिमाचलचे अनुराग ठाकूर याच वाटेने लेफ्टनंट झाले होते.

या सेनेची ग्रेनेडियर्सची ११८ वी पायदळ बटालियन नागपूरच्या सीताबर्डी किल्ल्यावर आहे. एरवी बंद असणारा तो किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी लोकांना पाहता येतो. भंडाऱ्याहून सकाळची बस धरली तर दुपारपर्यंत पाहून होतो. मुलाच्या हट्टाने त्याला घेऊन गेलेल्या वडिलांचे वय चाळीस-एकेचाळीस असेल, तर अर्ज कुणी करायचा हा प्रश्न परतीच्या वाटेवर निघू शकतो.